काचेच्या पेटीतले तळे

काचेच्या पेटीत पाणी भरावे, चार-सहा मासे सोडावेत आणि त्यांचा संथ विहार पाहत बसावे, यात निर्मळ आनंद आहे. परंतु पुष्कळ घरांतील अशी पेटी पाहिली म्हणजे मन खट्टू होते. तळाशी भडक रंगाचे खडे, त्यांत रोवलेली प्लास्टिकची हिरवी पाने, आणि त्यांच्याभोवती फिरणारे बिचारे मासे! दिसावयास ते सारे शोभिवंत खरे. पण त्यात जीव असतो तो एकट्या माशांनाच. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्याला मासे पाळावयाचे आहेत त्याने आधी पाणवनस्पती पाळावयास शिकावे. आणि आपल्या लाखांदूर तालुक्यातील मुलांनी तर त्या वनस्पती दूरच्या बाजारातून न मागवता आपल्या तळ्यातूनच आणाव्यात.

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो आणि कर्बवायू बाहेर टाकतो. त्याच्या विष्ठेने पाणी हळूहळू विषारी होऊ लागते. सजीव वनस्पती सूर्यप्रकाशात तोच कर्बवायू घेऊन प्राणवायू देते, आणि माशाच्या मळातील द्रव्ये खत म्हणून शोषून घेते. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने हे प्रयोगाने पाहिले. एका पात्रात त्याने दोन लहान सोनमासे ठेवले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती लावली. काही दिवसांनी जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने पाण्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. १८५० साली त्याने हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मासा, वनस्पती आणि गोगलगाय ही तिन्ही एकमेकांच्या आधाराने जगतात, हे त्या लहानशा पात्राने जगाला दाखविले. प्लास्टिकचे पान यांपैकी कोणते काम करील?

लंडनच्या त्या शास्त्रज्ञाची व्हॅलिस्नेरिया आपल्याला परकी नाही. तिच्या कुळातील वनस्पती आपल्या तलावांतही वाढते. आपल्याकडे पाण्यातील प्रत्येक हिरव्या गोष्टीला शेवाळ म्हणण्याची सवय आहे. परंतु नीट पाहू लागले की निरनिराळी रूपे ओळखू येतात. नवशिक्याला तीन वनस्पती पुरेत. पहिली हायड्रिला. हिच्या बारीक दांड्यावर ठिकठिकाणी लहान पानांची वर्तुळे असतात. तिचा वीतभर तुकडा वाळूत खोचला तरी त्याला मुळे फुटतात. दुसरी व्हॅलिस्नेरिया. हिची पाने हिरव्या फितीसारखी लांब असतात. तिची मुळे वाळूत पुरावीत, पण पाने जेथून फुटतात तो गड्डा मात्र वाळूच्या वर ठेवावा. नाहीतर ती कुजते. हिचे एक नवल आहे. नरफुले पाण्याखाली सुटून वर तरंगत येतात. मादीफूल लांब देठावर पृष्ठभागापर्यंत पोचते, आणि परागसिंचन झाले की तो देठ मळसूत्रासारखा वळून फुलाला पुन्हा खाली नेतो. तिसरी सेरॅटोफायलम. हिला मुळेच नसतात. दोन-दोन फाटे फुटलेल्या सुईसारख्या पानांची ही वनस्पती पाण्यात नुसती सोडून दिली तरी वाढते.

या तिघींना भंडारा जिल्ह्यातील उन्हाळ्याची सवय आहे. त्यांना महागडी खते लागत नाहीत की यंत्रेही लागत नाहीत. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटीत सुमारे पन्नास लिटर पाणी मावते. तळाशी दोन इंच नदीची वाळू पसरावी. मात्र धुतलेले पाणी नितळ येईपर्यंत ती आधी धुवावी. नळाचे पाणी असेल तर ते एक दिवस उघडे ठेवून मग भरावे. पेटीला सात-आठ तास चांगला उजेड मिळावा, पण दुपारचे कडक ऊन तिच्यावर पडू नये. तलावावर जाताना घरातील वडीलधाऱ्या माणसाला बरोबर न्यावे. मूठभर वनस्पती आणावी. गाठोडे बांधू नये. आणलेली वनस्पती आठवडाभर निराळ्या बादलीत ठेवून धुवावी, म्हणजे तिच्यासोबत आलेले कीटक निघून जातात. वनस्पती रुजल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, पाच-सहा लहान मासे सोडावेत. त्याहून अधिक सोडू नयेत. कारण रात्री प्रकाश नसताना वनस्पतीही प्राणवायूच घेते.

कोणी म्हणेल, "इतका खटाटोप कशाला? प्लास्टिकचे पान ना कुजते, ना वाढते." हे खरे आहे. परंतु जे वाढत नाही, ते शिकवतही नाही. पान पिवळे पडले तर उजेड कमी पडला काय, पाणी बिघडले काय, असा विचार करावा लागतो. त्या विचारातच पेटी पाळणाऱ्याचे खरे शिक्षण आहे.

या शिक्षणाचे मोल पेटीपुरते नाही. आपल्या पूर्व विदर्भाला तलावांची मोठी देणगी लाभली आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील लोकांनी जे तलाव बांधले, त्यांवर आपली धानाची शेती आणि ढिवर बांधवांची मासेमारी उभी राहिली. पुढे अनेक तलाव गाळाने भरले, काठांवर अमेरिकेतून आलेली बेशरम माजली, आणि पाण्याखालील वनस्पती नाहीशा झाल्या. वनस्पती गेल्या, तेव्हा स्थानिक माशांची अंडी घालण्याची व लपण्याची जागाही गेली. शेजारच्या अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजातील जाणते मच्छीमार पतिराम तुमसरे आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी हे दुखणे ओळखले. बेशरम उपटून, तलावाचा कोरडा भाग नांगरून, त्यांनी तेथे पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांत हायड्रिला होती, व्हॅलिस्नेरिया होती आणि सेरॅटोफायलमही होती. त्यानंतर तेथे देशी मासे पुन्हा दिसू लागले. आपण पेटीत जे लहान प्रमाणात करावयाचे, तेच त्यांनी तलावात मोठ्या प्रमाणात केले.

शेवटी एक इशारा दिला पाहिजे. पेटीतील उरलेली वनस्पती किंवा विकतचा मासा तलावात, नाल्यात अथवा चुलबंद नदीत कधीही टाकू नये. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी तिच्या सुंदर फुलांसाठी आपल्या देशात आणली गेली, आणि तिने ठिकठिकाणची जलाशये झाकून टाकली. याच्या उलट उदाहरण आपल्या हायड्रिलाचे आहे. १९५०च्या सुमारास ती मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून श्रीलंकेहून अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात पोचली. तेथे ती पाण्यात सुटली आणि तिने कालवे व सरोवरे तुंबवून टाकली. आपल्या घरी सज्जन असलेली वनस्पती परक्या घरी उपद्रवी ठरली. दोष वनस्पतीचा नव्हता. तिला विचार न करता टाकून देणाऱ्या माणसाचा होता.

म्हणून मुलांनो, मत्स्यपेटी अवश्य करा, परंतु तिला शोभेची वस्तू समजू नका. तुमच्या गावच्या तलावाचा तो एक लहान तुकडा आहे असे समजा. ज्याने काचेतील हायड्रिलाचे एक पान जपले, तो मोठेपणी गावचा तलाव उजाड होताना स्वस्थ बसणार नाही, असा मला विश्वास वाटतो.