खंजिरीचा ताल आणि पोरांचा रॅप

कपाशीच्या फवारणीचे विचारायला आलेला कास्तकार जाता जाता हळूच दुसरेच काही विचारतो, हा आमच्या नोकरीतला नेहमीचा अनुभव आहे. कधी मुलीच्या स्थळाचे, कधी सातबाऱ्याचे. हल्ली विचारणा होते ती पोरांच्या गाण्याची. मुलगा मोबाइलची बोंडे कानात घालून मान हलवत बसतो. त्या गाण्याला चाल नाही की आलाप नाही, एक माणूस ठेक्यावर भराभर बोलत सुटलेला असतो. त्याला रॅप म्हणतात म्हणे. हे खूळ आले कोठून, आणि पोराला यातून सोडवावे कसे?

सोडवण्याचे मागाहून पाहू. आधी ते आले कोठून ते सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराचा ब्राँक्स नावाचा भाग आहे. मोठा रस्ता काढायचा म्हणून तेथल्या वस्त्या चिरल्या गेल्या, कारखाने उठले, कामे गेली, रिकाम्या इमारतींना आगी लागू लागल्या. मागे राहिली ती बहुतेक कृष्णवर्णीय आणि बाहेरून आलेली गरीब कुटुंबे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथल्या एका इमारतीत, मूळच्या जमैका बेटावरच्या एका तरुणाने बहिणीसाठी छोटासा जलसा केला. कूल हर्क या नावाने तो ओळखला जातो. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन त्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवी. पोरे त्या ठेक्यावर आधी नाचली, मग बोलू लागली. हिपहॉपचा जन्म त्या दिवशीचा मानतात. १९८२ मध्ये ‘द मेसेज’ नावाची तबकडी निघाली. तिच्यात फुटक्या काचा आहेत, उंदीर आहेत, बेकारी आहे आणि घरी फोन करून बायकोला घाबरवणारा वसुलीवाला आहे. वसुलीवाला म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता एक करा. ते शहर, त्या तबकड्या बाजूला ठेवा आणि उरलेले चित्र पाहा. एक माणूस, हाताशी ठेका, समोर गरीब माणसे, आणि त्यांच्याच गावातल्या घाणीचे, दारूचे, कर्जाचे, भेदाभेदाचे रोखठोक बोलणे. हे चित्र विदर्भाने पाहिलेले आहे. ब्राँक्समधल्या त्या जलशाच्या कितीतरी वर्षे आधी आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव हेच करत होते.

कोणी रागावतील की साहेबांनी संताला पोरांच्या धांगडधिंग्याशेजारी बसवले. संतपणाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी कृषी खात्यातला माणूस. सांगितलेली गोष्ट गावाच्या गळी कशी उतरते, एवढाच माझा विषय, आणि त्या विषयात या माणसासारखा दुसरा गुरू मला दिसत नाही.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी, अत्यंत गरिबीत झाला. पाळण्यातले नाव माणिक. शाळा तिसरीच्या आसपासच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या हे नाव दिले. पुढे काही काळ रामटेक, साळबर्डीकडच्या रानात काढला आणि १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. १९३६ मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले. इतके कमी शिकलेल्या या माणसाचे नाव २००५ पासून नागपूर विद्यापीठाला आहे. हजारो पदवीधरांच्या कागदावर ते छापले जाते. (माझी पदवी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची, त्यामुळे तो मान मला मिळाला नाही.)

खंजिरीकडे मी जरा धंद्याच्या नजरेने पाहतो. लाकडाचे लहानसे कडे, एका बाजूला चामडे, कड्यात झांजा. पिशवीत मावते, बंडीत जाते, पायी चालताना काखेत बसते. वाजवायला दुसरा माणूस लागत नाही, म्हणून बोलणाऱ्याला आपल्या बोलण्याचा वेग स्वतः राखता येतो. महत्त्वाचा शब्द आला की थाप जोरात, लोकांना विचार करायला सवड द्यायची तर थाप हळू. मागचे साथीदार ओळ उचलून पुन्हा म्हणतात, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानावर प्रत्येक गोष्ट दोनदा पडते. त्या काळी ऐकणारे कोण होते हेही ध्यानात घ्या. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरातली जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. अशा गावात छापील पत्रक वाटणे म्हणजे बैलापुढे वर्तमानपत्र धरणे! तालात बसलेली गोष्ट मात्र निंदण करणाऱ्या बाईच्या तोंडी दुसऱ्या दिवशी असते.

याची परीक्षा मी स्वतः पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी काटोलकडच्या एका गावात सोयाबीनच्या बीजप्रक्रियेवर सभा ठेवली होती. दवंडी दिली, फलक लावला, माणसे आली अकरा. त्यातले तीन ग्रामपंचायतीचे. रात्री त्याच गावात गुरुदेव सेवा मंडळाचे भजन होते आणि मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. मंडळाच्या म्हाताऱ्या भजनीबुवांना म्हटले, मला दहा मिनिटे द्या. ते म्हणाले, “देतो, पण तुमचं भाषण नको. काय सांगायचं ते मले सांगा.” मी सांगितले: बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सर्वांत शेवटी जिवाणू खत, दहा किलो बियाण्याला रायझोबियम अडीचशे ग्रॅम, सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. हा क्रम चुकला तर जिवाणू मरतात आणि पैसे मातीत जातात. बुवांनी तेथल्या तेथे ते खंजिरीवर बसवले. पुढच्या मृगात त्या गावच्या शाळकरी पोरांना तो क्रम तोंडपाठ होता. माझ्या उरलेल्या पत्रकांचे काय झाले ते विचारू नका.

आमचे विस्तार खाते या देशात १९५३ मध्ये उभे राहिले. महाराजांची ग्रामगीता त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. एक्केचाळीस अध्याय आणि साडेचार हजारांहून जास्त ओव्या. पण त्यातले विषय महाराज त्याच्या कितीतरी आधीपासून खंजिरीवर सांगत होते. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंश सुधार, महिलोन्नती, दलित सेवा ही त्यातली काही प्रकरणे. गावाच्या घाण-कचऱ्याचे खत करावे, विहीर आणि देऊळ सर्वांना खुले असावे, लग्नात कर्ज काढून उधळपट्टी करू नये, स्त्रीला शिकवावे, दारू गावाबाहेर घालवावी. नशिबावर टाकून बसणाऱ्यांसाठी प्रारब्धवादावर एक अध्याय आहे, तसा प्रयत्नाच्या प्रभावावरही आहे. भजनाचा परिणाम कसा व्हावा यावर तर स्वतंत्र अध्याय आहे. टाळ कुटून पुण्य मिळवणारे भजन त्यांना पसंत नव्हते.

याच पट्ट्यातले गाडगेबाबाही असेच. ते प्रश्न विचारत आणि लोकांकडून उत्तर वदवून घेत. वऱ्हाडी बोलीत, झाडणीच्या मुठीइतके सरळ. दोघांनीही माणसाला खाली बसवून उपदेश केला नाही. त्याच्याच बोलीत त्याच्याच घरातली गोष्ट काढली.

आणि अशा बोलण्याची किंमत पडते. १९४२ च्या ऑगस्टात चिमूरला महाराजांची भजने झाली होती. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यात आष्टी पेटली. यावली आणि बेनोड्यातही लोक उठले. चिमूरला पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडली, खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले, मग फौज आली आणि तिने गावावर, विशेषतः बायाबापड्यांवर, जे केले त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपवास केला. महाराजांना २८ ऑगस्टला चांद्याला पकडले. नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवले आणि डिसेंबरात सोडले. त्यांच्यापाशी बंदूक नव्हती, पत्रक छापायचे यंत्र नव्हते. सरकार घाबरले ते भजनाला. हातात खंजिरी असलेल्या माणसाला तीन महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवावेसे वाटणे, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

तीच खंजिरी १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म आणि विश्वशांतीच्या परिषदेत वाजली, १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत सीमेवरच्या जवानांपुढे वाजली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराज गेले. आजही पुण्यतिथीला मोझरीत त्या मिनिटाला लाखोंचा समुदाय मौन पाळतो. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी एकदा जरूर जावे. नागपूरहून अमरावतीकडे जाताना तिवस्याच्या पुढेच आहे.

एक बोचरी गोष्ट मात्र बोलून टाकतो. ग्रामगीता आज पुष्कळ घरांत आहे, पण लाल फडक्यात. पारायण होते, प्रसाद वाटला जातो, आणि देवळामागचा उकिरडा होता तेथेच असतो. खंजिरी स्पर्धांतून पोरे-पोरी सुरेख वाजवतात, बक्षिसे घेतात. पण आजच्या गावावर नवी ओळ रचणारा विरळाच. सोयाबीनच्या भावावर, पीक विम्याच्या रखडपट्टीवर, रानडुकरांवर, सावकारावर कोण बोलतो?

तर याच कामाला काही रॅपवाली पोरे लागली आहेत. मुंबईत आरेच्या जंगलातली झाडे मेट्रोच्या कारशेडसाठी तोडायची ठरली तेव्हा २०१९ मध्ये ‘स्वदेसी’ नावाच्या तरुणांच्या गटाने वारली माणसांची बाजू रॅपमधून मांडली, आणि त्यात आरेतलेच आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेतले. आपल्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘हंड्रेड आरबीएच’ या नावाने रॅप करतो. दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेतून तो देशाला माहीत झाला. २०२३ मध्ये राजकारण्यांच्या फोडाफोडीवर रॅप केल्यामुळे मराठवाड्यातल्या एका तरुणावर गुन्हा नोंदवला गेला. चिमूरशी त्याची बरोबरी करू नये. पण तालात बोललेला शब्द अजून झोंबतो, एवढे त्यावरून दिसते.

सगळाच रॅप असा असतो असे नाही. पुष्कळ गाण्यांत गाडी, पैसा, बाई आणि शिव्या यांखेरीज काही नसते. ते बंद केले तरी काही बिघडत नाही. शिवी ही मिरचीसारखी. ज्याला भाजी येत नाही तो तिखट ओततो. पण बंद करण्याआधी ऐका तरी.

हे म्हणतो त्याला कारण आहे. मागे एका गावी एका माउलीने मुलाची वही मला दाखवायला आणली. मुलगा बारावी होऊन घरी बसलेला. वहीत अभ्यास नव्हता, ठेक्यावर बसवलेल्या ओळी होत्या. बँकेची नोटीस आली त्या दिवशी बाप जेवला नाही, तेही त्यात होते. दोन बहिणींची लग्ने, विकलेली म्हैस, रात्री वावरात एकटाच बसणारा बाप, आणि तो उशिरा घरी येईपर्यंत जागा राहणारा हा पोरगा. बापाला यातले अक्षर माहीत नव्हते. तो म्हणत होता, पोरगं वाया गेलं. आपल्या विदर्भात किती घरांतून कर्ता माणूस असा न बोलता उठून गेला, ते मी येथे मोजत बसत नाही. तुम्हाला तुमच्या गावातली नावे ठाऊक आहेत.

त्या माउलीला जे सांगितले तेच तुम्हाला सांगतो. रात्रीच्या जेवणानंतर टीव्ही अर्धा तास बंद ठेवा आणि पोराला म्हणा, तू काय लिहिले ते म्हणून दाखव. बापाने समोर बसावे. मध्ये टोकू नये. शब्द नाही कळला तर पुन्हा विचारावा, ठेका नाही रुचला तर मांडीवर आपला धरावा. त्याच्या ओळीत हिशेब चुकला असेल तर तेवढा दुरुस्त करावा. क्विंटलचा भाव आणि व्याजाचा दर खरा असला पाहिजे. जमले तर त्याला एखाद्या रात्री गुरुदेव मंडळात घेऊन जा आणि खंजिरीच्या साथीला बसवा. मुलीने लिहिले असेल तर तिलाही हेच.

आणि पोराच्या वहीत, किंवा घरातल्या कोणाच्याही बोलण्यात, जीव नकोसा झाल्याची भाषा येऊ लागली तर गाणे-बिणे सोडून त्या माणसाला एकटे ठेवू नका. शासनाचा ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येते. घरातल्या भिंतीवर, खताच्या हिशेबाशेजारी, तो लिहून ठेवा.

तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीबद्दल बरीच पत्रे आली आहेत. त्याविषयी पुढील अंकी.