पाहुण्यांना काय दाखवायचे?

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आम्हा आंबेडकरी माणसांकडे मायदेशातून स्नेही येतात. त्यांना बकिंगहॅम राजवाडा, टॉवर ब्रिज जरूर दाखवावा. परंतु लंडनच्या चॉक फार्म स्टेशनजवळचे 10, किंग हेन्रीज रोड हे घर आधी दाखवावे. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहिले. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. तिथे नतमस्तक होऊन पाहुणे आम्हाला म्हणतात, "तुम्ही सुटलात! इथे जात नाही." अशा वेळी यजमानाने गप्प बसू नये. समुद्र ओलांडला की जात बुडते, असे धर्मशास्त्र सांगत होते. प्रत्यक्षात जात सातासमुद्रापार सुखरूप पोहोचली! म्हणूनच तर 2013 मध्ये समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन ब्रिटिश संसदेने सरकारवर घातले. काही सवर्ण हिंदू संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. 2018 मध्ये न्यायालयीन निकाल पुरेसे असल्याचे सांगून सरकारने माघार घेतली. आपल्या समाजबांधवांना हे कळले पाहिजे. बाबासाहेबांचे घर दाखवायचे आणि त्यांची अपुरी लढाई झाकून ठेवायची, ही नुसती सहल झाली. जयभीम!