शून्यावर थांबलेला काटा

शाळा-कचेऱ्यांच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारसायकलींच्या मीटरचा काटा शून्यावर असतो, यात नवल नाही. परंतु नांदेडहून लोह्याला किंवा लातूरहून चाकूरला रोज ‘अप-डाउन’ करणाऱ्या शिक्षक-कारकुनांच्या कित्येक गाड्या भरधाव निघाल्या तरी हा काटा शून्यावरून हलत नाही. मीटरची केबल तुटलेली असते आणि ती तुटली आहे, हे मालकाला ठाऊकही असते. क्लचची केबल तुटली तर त्याच दिवशी मिस्त्री गाठला जातो, कारण गाडी अडते. मीटरच्या केबलवाचून मात्र काही अडत नाही. टाकीभर पेट्रोलच्या मानाने किरकोळ ठरणारा हा खर्च म्हणूनच महिनोन् महिने पुढे ढकलला जातो.

वस्तुतः या केबलची रचना अगदी साधी आहे. पुढच्या चाकातील दंतचक्र पोलादी तारांचा पीळ असलेली आतली तार फिरवते आणि तिच्या वरच्या टोकाशी मीटरमधला लोहचुंबक फिरतो. त्याच्याभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत प्रवाह निर्माण होतात, वाटी ओढली जाते व स्प्रिंगच्या विरोधात काटा सरकतो. ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने 1902 मध्ये पेटंट घेतलेले हे तत्त्व शतकभर जगभरच्या वाहनांना पुरले. किलोमीटर मोजणारे आकडेही याच तारेवर फिरतात. त्यामुळे तार तुटली की वेगाचे भान जाते आणि अंतराची नोंदही थांबते.

मराठवाड्याची काळी माती या तारेची मोठी शत्रू आहे. पावसाळ्यात चिखल पुढच्या चाकाला लपेटतो, खालच्या टोकातून पाणी शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि तार गंजते. काटा थरथरू लागणे किंवा मीटरखालून किरकिर ऐकू येणे ही तार तुटण्यापूर्वीची सूचना होय. त्या वेळी आतली तार बाहेर ओढून पुसावी व पातळ ग्रीस लावून परत घालावी, म्हणजे ती बरीच टिकते. वरची चार बोटे मात्र कोरडी ठेवावीत, अन्यथा ग्रीस चढून मीटरमध्ये जाते. नवी केबल बसवताना तिचे चौकोनी टोक खाचेत नीट बसले आहे आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर केबल कोठे मुडपत नाही, एवढे पाहावे. नवी केबल आठवड्यातच तुटली तर दोष मीटरच्या जाम होण्यात किंवा झिजलेल्या दंतचक्रात शोधावा. तिसरी केबल विकत घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

हे सारे न केल्याचा खर्च कोठे जमा होतो? इंजिनातील ऑइल किती किलोमीटरला बदलावे, हे पुस्तिकेत छापलेले असते. ते किलोमीटर मोजणारेच कोणी नसले, तर ऑइल आठवण येईल तेव्हा बदलले जाते. गाडी लिटरमागे किती धावते, याचाही हिशेब राहत नाही. पगारातील पै-पैचा हिशेब ठेवणारा गृहस्थ आपल्या संसारातील मोठ्या खर्चापैकी एक असा अंदाजावर सोडून देतो. राष्ट्रीय महामार्ग 361 च्या रुंदीकरण झालेल्या भागात गुळगुळीत रस्त्यामुळे वेग मुळातच कमी भासतो. तेथे तर हा अंदाज जिवावर बेतू शकतो.

सर्वांत गंभीर परिणाम होतो तो जुन्या गाड्यांच्या बाजारावर. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखवले की, मालाची खरी स्थिती विक्रेत्यालाच ठाऊक असेल तर खरेदीदार सरासरी किंमत देऊ करतो, मग चांगला माल बाजारातून निघून जातो आणि टाकाऊ माल उरतो. या विवेचनासाठी 2001 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बंद मीटर हे या सिद्धान्ताचे नांदेड-लातुरातील रोजचे प्रात्यक्षिक आहे. वीस हजारांवर थांबलेला आकडा खरा की साठ हजारांचा प्रवास लपवणारा, हे पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने कसे ओळखावे? केबल तुटली की कोणी मुद्दाम सोडवून ठेवली, हेही त्याला कळत नाही. आणि ज्याने गाडी जपून वापरली, मीटर चालू ठेवले, त्यालाही या संशयाच्या बाजारात योग्य किंमत मिळत नाही.

आता मोबाइलवरही वेग दिसतो, असे कोणी म्हणेल. दिसतो, पण मोबाइल मालकाबरोबर जातो, गाडीची नोंद गाडीबरोबर राहत नाही. नव्या गाड्यांपैकी अनेकांत अंकदर्शक मीटर व चाकावरचे संवेदक आले आहेत, हेही खरे. तथापि नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते व पुढे ती वाढवूनही मिळते. केबलच्या गाड्या अजून बराच काळ रस्त्यांवर राहणार आहेत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार वेगमापक आवश्यक आहे आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 183 अतिवेगासाठी दंड सांगते. वेग मोजण्याचे साधन बंद असलेल्या चालकाकडून वेगमर्यादेची अपेक्षा धरणे विसंगत आहे. निदान पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीच्या तपासणीत पुढचे चाक फिरवून काटा हलतो का, हे न चुकता पाहिले जावे. एमएच 26 असो वा एमएच 24, मालकी हस्तांतराच्या वेळी विक्रेत्याने मीटरवरील आकडा सहीनिशी लिहून द्यावा. त्याला ‘मीटर बंद आहे’ एवढेच लिहावे लागले, तरी भाव ठरवताना खरेदीदाराच्या हाती काही तरी येईल.