राजीनामा एकाचा, पत्र दुसऱ्याचं

आमच्या नणंदेचा मुलगा ग्लासगोला नोकरीला आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो. विषय ठरलेले. जेवलास का, थंडी किती आहे, पोळ्या लाटतोस की पाकिटातल्या आणतोस. पण २०२५ च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात त्याचा फोन मंगळवारीच आला. मी आपली फराळाचं पार्सल पोचलं का विचारतेय, तर हा म्हणतो, "मामी, आज ऑफिसात कुणी कामच करत नाहीये. रॉजर्स गेला."

मला वाटलं, कुणीतरी वारलं बिचारं! "अरेरे, वय काय होतं?" असं मी विचारलंसुद्धा. तो हसतच सुटला. मग कळलं की ब्रेंडन रॉजर्स हे सेल्टिक नावाच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर. आदल्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, त्यांनी राजीनामा दिला होता. वारलं कुणी नव्हतं, पण ऑफिसात मात्र सुतकच होतं. आणि नुसतं सुतकही नाही, भांडणं! त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारी एक पन्नाशीची बाई आणि तिचे वडील, दोघं वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या खुर्च्यांची सीझन तिकिटं काढून सामने बघतात. त्या आठवड्यात बाप-लेकीची बोलाचाली बंद झाली होती म्हणे.

फुटबॉलमधलं मला काही कळत नाही. गोल झाला की कळतं, तेही लोक ओरडले की. पण बाप-लेकीत अबोला आणणारी गोष्ट काय, हे कळल्याशिवाय चैन पडेना. म्हणून भाच्याला खोदून खोदून विचारलं, वाचलंही बरंच. आणि जे समोर आलं ते फार ओळखीचं निघालं.

आधी मॅनेजर म्हणजे काय ते सांगते, कारण माझाही गोंधळ झाला होता. तिथला मॅनेजर म्हणजे प्रशिक्षक. संघ तो निवडतो, सराव तो घेतो, हरलं की पत्रकारांसमोर तोंड तो देतो. खेळाडू कुठले हवेत हेही तोच सांगतो. पण खेळाडू विकत घ्यायचे तर पैसा लागतो, आणि तिजोरी संचालक मंडळाच्या ताब्यात. म्हणजे स्वयंपाकघर सुनेकडे आणि कोठीच्या किल्ल्या सासूकडे, असा मामला. जेवण चांगलं झालं तर घराण्याची चव, आणि बिघडलं तर सुनेचा हात. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको!

आता हे रॉजर्स. २०१६ साली ते पहिल्यांदा सेल्टिकला आले. पहिल्याच मोसमात स्कॉटलंडमधला एकही सामना संघ हरला नाही. लोकांनी डोक्यावर घेतलं. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत, मोसम ऐन रंगात असताना, ते इंग्लंडमधल्या लेस्टरकडे निघून गेले. चाहत्यांच्या ते इतकं जिव्हारी लागलं की त्यांनी मैदानात फलक झळकवला. अमरत्व सोडून सामान्यपण पत्करलंस, तू आमचा कधी नव्हतासच, अशा अर्थाचा. तरी २०२३ मध्ये ते परत आले. ज्यांनी त्यांना परत आणलं, ते क्लबचे सगळ्यात मोठे भागधारक डर्मट डेझमंड, आयर्लंडचे धनाढ्य उद्योजक. परतल्यावर दोन वर्षांत चार चषक मिळाले, तेव्हा बऱ्याच जणांनी झालं गेलं विसरून त्यांना पुन्हा घरात घेतलं. भाच्याच्या ऑफिसातल्या बाईंचे वडील मात्र विसरले नव्हते.

बिनसलं ते २०२५ च्या उन्हाळ्यात. चांगले खेळाडू विकले गेले, त्यांच्या जागी त्या तोडीचे आले नाहीत. ऑगस्टमध्ये कझाकस्तानच्या कैरात अल्माटी या संघाबरोबर दोन सामने झाले. दोन्हींत एकही गोल नाही, आणि पेनल्टींवर सेल्टिक हरलं. चॅम्पियन्स लीग हुकली, तिच्याबरोबर येणारे कोट्यवधी पौंडही गेले. इकडे क्लबच्या बँकेत मात्र जूनअखेर ७ कोटी ७० लाख पौंडांच्या आसपास शिल्लक! आपले आठ-नऊशे कोटी रुपये धरा. चाहते चिडले नसते तरच नवल. शंभर माणसांचा स्वयंपाक करायचाय, आणि कोठीला कुलूप.

पण इथे मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण शिल्लक टाकणाऱ्याला एकदम कंजूष ठरवायला माझं मन धजत नाही. १९९४ साली हाच क्लब दिवाळखोरीच्या दारात उभा होता. फर्गस मकॅन नावाच्या गृहस्थांनी ऐन वेळी तो वाचवला, मग सामान्य चाहत्यांनी शेअर्स घेतले. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना बँकेतल्या शिलकीचा भरवसा वाटतो. ज्या बाईनं एकदा घराचा लिलाव होताना पाहिलाय, ती डब्यातली शेवटची नोट मोडत नाही. प्रश्न शिल्लक का आहे एवढाच नव्हता. ती कशासाठी आहे हे कुणी सांगत नव्हतं, हा होता.

रॉजर्स मग जाहीरपणे बोलू लागले. डंडीकडून हरल्यावर ते म्हणाले की, होंडा सिव्हिकची किल्ली हातात द्यायची आणि फेरारीसारखी पळव म्हणायचं, हे कसं जमेल? वाक्य टाळ्या घेणारं खरं. पण मला त्यातली गाडीच दिसत राहिली. म्हणजे ते खेळाडू हो! ती पोरं, आदल्या दिवसापर्यंत याच माणसाच्या शब्दावर धावत होती. मालकाला बोल लावायचा म्हणून स्वयंपाकिणीनं पंगतीत उभं राहून "तांदूळच भिकार आहे" म्हणावं, आणि पानावर पाहुणे बसलेले असावेत, तसं झालं. आठवड्यानं हार्ट्सकडून ३-१ असा पराभव झाला, हार्ट्स आठ गुणांनी पुढे गेले. दुसऱ्या दिवशी राजीनामा.

इथवर एक साधी गोष्ट होती. पटलं नाही, माणूस गेला. पण त्याच संध्याकाळी डेझमंड यांचं लांबलचक निवेदन क्लबनं प्रसिद्ध केलं. रॉजर्स यांचं वागणं-बोलणं फूट पाडणारं, दिशाभूल करणारं आणि स्वार्थी होतं, असं त्यात म्हटलं होतं. खेळाडू घेतले आणि विकले ते सगळे त्यांच्या संमतीनं. नव्या कराराचं बोलणं आम्ही केलं होतं, ते केलंच नाही असं सांगणं खोटं. क्लबभोवतीचं वातावरण त्यांच्यामुळे विषारी झालं, संचालकांवर लोकांचा राग त्यांनी भडकवला.

गंमत बघा. एरवी हे गृहस्थ फारसे बोलत नाहीत. वार्षिक सभेलाही दिसत नाहीत. लोक महिनोन्‌महिने विचारत होते की पैसा कुठे जाणार आहे, तेव्हा अक्षर नाही. आणि माणूस उंबरठ्याबाहेर पडला, तर अंगणातून ऐकू जाईल एवढा आवाज!

भांडण पेटलं ते या पत्रावरून. बाईंचं म्हणणं, रॉजर्स दुसऱ्यांदा पळाला. २०१९ ला वरच्या नोकरीसाठी, आता जमत नाही म्हणून. चाहत्यांचा राग त्यानं स्वतःच्या ढालीसारखा वापरला. आणि वडील, ज्यांनी २०१९ चं कधी माफ केलं नव्हतं, ते म्हणायला लागले की माणूस कसाही असो, जाणाऱ्याच्या पाठीवर असं लिहायचं नसतं. जे पत्र लिहितात त्यांना काहीतरी झाकायचंय. लेक म्हणते, बाबा, तुम्ही आता त्याची बाजू घेता? बाप म्हणतो, मी त्याची बाजू घेतच नाहीये. पण ते ऐकून घ्यायला लेक तयार नव्हती. गावभर हेच चाललेलं. रॉजर्सवाले आणि रॉजर्सविरोधी. ज्याला दोघांचंही चुकलं असं वाटे, त्याला दोन्हीकडून शिव्या.

मला हे सगळं ऐकताना आमच्या संस्थेतली एक बैठक आठवत होती. नाव सांगत नाही, कारण अजून आम्ही सगळ्या एकाच वस्तीत काम करतो. बालवाड्यांचं काम बारा वर्षं सांभाळणारी आमची एक समन्वयक होती. कामाला वाघीण, जिभेला तिखट. खाऊच्या पैशांवरून तिचं आणि वरच्या मंडळींचं वाजलं, आणि ती गेली. जातानाही चार जणींसमोर नको ते बोलून गेली. मग एक तीन पानी पत्र आलं. ती कशी अहंकारी, तिनं कार्यकर्त्यांत कशी फूट पाडली वगैरे. सगळ्या केंद्रांवर ते वाचून दाखवलं गेलं. महिनाभर आम्ही दुसरं काही बोललोच नाही. ती चांगली की वाईट? तुझं काय मत? तू तिच्या घरी गेली होतीस म्हणे? त्या बैठकीला जाताना माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी होती. बालवाडीच्या खाऊचे तीन महिन्यांचे पैसे का आले नाहीत, एवढंच तिच्यावर लिहिलेलं. पत्र वाचून झालं, रडारड झाली, चहा आला. चिठ्ठी पर्समध्येच राहिली. मीच ती काढली नाही. त्या वातावरणात तो प्रश्न विचारणं म्हणजे "तिच्या बाजूची" ठरणं होतं.

सेल्टिकच्या बाबतीत हे जास्त लागायचं कारण त्या क्लबच्या जन्मात आहे. ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या एका आयरिश धर्मबंधूंनी १८८७ च्या नोव्हेंबरात ग्लासगोच्या पूर्व भागात तो काढला. का? तर वस्तीतल्या गरीब पोरांना जेवण मिळावं म्हणून. ते स्वतः शाळामास्तर होते. एका पेनीत पोटभर जेवण अशी योजना त्यांनी चालवली होती. तिला पैसा हवा म्हणून फुटबॉलचा संघ! वाचताना मला आमची बालवाडी दिसली. पुढे १८९२ मध्ये वॉलफ्रिड यांची लंडनला बदली झाली, १८९७ साली क्लबची कंपनी झाली, आणि जेवणासाठी जाणारा पैसा आटत गेला. म्हणजे "हा पैसा कुणासाठी?" हा प्रश्न त्या क्लबात सव्वाशे वर्षांचा जुना आहे. मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे. आजही क्लबची स्वतंत्र धर्मादाय शाखा आहे, आणि चाहतेही अन्नपेढीसाठी डबे, पाकिटं गोळा करतात.

चाहत्यांना मी धुतल्या तांदळाचे म्हणणार नाही. २१ नोव्हेंबरला क्लबची वार्षिक सर्वसाधारण सभा भरली. आपल्या सोसायटीची सभा डोळ्यांसमोर आणा आणि तिला हजारानं गुणा. आरडाओरडा, लाल कार्डं दाखवणं. डेझमंड यांच्या मुलानं भाषणात काही चाहत्यांच्या वागण्यावर टीका केली, त्यावर आणखी गोंधळ. अखेर सभा गुंडाळली. ज्यांनी गुंडाळली त्यांना अवघड प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली नाहीत, आणि ही सोय त्यांना ओरडणाऱ्यांनीच करून दिली, असं मला वाटतं. डिसेंबरात अध्यक्ष पीटर लॉवेल यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. शिवीगाळ आणि धमक्यांना कंटाळून. कारभार कितीही चुकला असो, कुणाच्या घरच्यांनी दाराची कडी वाजली की दचकावं, हे मला पटणारं नाही.

बाकीचं थोडक्यात. रॉजर्स गेल्यावर त्र्याहत्तर वर्षांच्या मार्टिन ओनील यांना तात्पुरतं बोलावलं. हे क्लबचे जुने, लाडके मॅनेजर. घर विस्कटलं की गावाहून आजोबांना बोलावतात ना, तसं! मग अमेरिकेतल्या क्लबमधून विल्फ्रिड नॉन्सी हे फ्रेंच गृहस्थ आले. आठ सामन्यांत सहा पराभव, आणि ५ जानेवारी २०२६ ला त्यांनाही निरोप. पुन्हा आजोबा. रॉजर्स तोवर सौदी अरेबियातल्या एका क्लबात रुजूही झाले होते. त्यांच्यावरून बाप-लेकीत अबोला, आणि ते तिकडे वाळवंटात नव्या पोरांना पळवतायत.

परवा भाच्याला विचारलं, त्या दोघांचं काय झालं रे? म्हणाला, "बोलतात आता. नॉन्सीनं जुळवलं त्यांचं. एकदा दोघं एकाच वेळी एकाच माणसाला शिव्या द्यायला लागले, मग काय!" पण म्हाताऱ्यांनी एक गोष्ट केली आहे. वही घातली आहे म्हणे. कुठला खेळाडू केवढ्याला विकला, कुणाला केवढ्याला आणलं, जूनला शिल्लक किती. त्यांचे शेअर्स आहेत थोडे, मकॅनच्या वेळी घेतलेले. पुढच्या वार्षिक सभेत उभं राहून एकच प्रश्न विचारायचा, आवाज न चढवता, असं त्यांनी ठरवलंय. लेकीनं तो कागदावर नीट टाइप करून दिलाय. रॉजर्सचं नाव त्यात नको, ही तिची अट.

मी भाच्याला म्हटलं, तो कागद मला पाठव जमलं तर. इंग्रजीत असला तरी चालेल.