नियम सोसायटीचा, राबणारे हात बाईचे

‘ओला आणि सुका कचरा वेगळा न दिल्यास उचलला जाणार नाही. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.’ आपल्या कल्याण-डोंबिवलीत अशी नोटीस न लागलेला सोसायटीचा बोर्ड शोधूनही सापडायचा नाही. खाली सेक्रेटरींची सही, सोसायटीचा शिक्का. नोटीस असते सभासदांना, पण नियम मोडला की बोलणी बसतात घरातल्या बाईला. ‘वहिनी, तुमच्या पिशवीत काल डायपर निघाला हं,’ असं जिन्यात थांबवून तिलाच ऐकवलं जातं. त्याच जिन्यातून रोज ऑफिसला जाणाऱ्या साहेबांना कुणी थांबवत नाही.

म्हणून काय नियम पाळायचा नाही? छे! पाळायलाच हवा. आणि तो का पाळायचा, हे कल्याणकरांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. आधारवाडीचा डोंगर आपण विसरलो की काय? वर्षानुवर्षं सगळ्या शहराचा कचरा एकत्र होऊन खाडीकाठी पडत राहिला. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की त्यातून मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. उन्हाळा आला की आधारवाडी धुमसायची आणि आजूबाजूच्या घरांतल्या आया दारं-खिडक्या लावून खोकणाऱ्या लेकरांना घेऊन बसायच्या. ती आग आपल्याच स्वयंपाकघरांतून निघालेल्या सालींची आणि खरकट्याची होती.

प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लागत नाही म्हणून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिका हद्दीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावरच बंदी घातली. ती उठली 2016 मध्ये. पुढे मे 2020 पासून महापालिकेनं ओला-सुका वेगळा देण्याची सक्ती सुरू केली. त्या मोहिमेची धुरा होती उपायुक्त रामदास कोकरे यांच्याकडे. मुख्याधिकारी असताना वेंगुर्ल्यात त्यांनी कचरा टाकण्याच्या जागेचं लोक पाहायला येतील असं ठिकाण करून दाखवलं होतं. मे 2021 मध्ये आधारवाडीला कचरा टाकणं थांबलं. नुसत्या कोर्टाच्या कागदानं हे झालं नाही. घराघरांत दोन डबे ठेवले गेले, तेव्हा झालं. ते डबे कुणी ठेवले, हे का वेगळं सांगायला हवं?

मैत्रिणींनो, आता थोडं त्या दुसऱ्या बाईबद्दल बोलू. आपण पिशवीला गाठ मारतो आणि आपल्यापुरता कचरा संपतो. तिचा मात्र तिथून सुरू होतो. भाताच्या पेजेत भिजलेला कागद, फुटक्या काचा, वापरलेलं सॅनिटरी पॅड, इंजेक्शनची सुई हे सगळं एकाच पिशवीत असलं तर ती हातानं निवडणार. पुण्यात कचरावेचक बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघर जाऊन कचरा गोळा करते. या बायकांसाठी तिथे एक साधी पद्धत रुजवली गेली. पॅड किंवा डायपर कागदात नीट गुंडाळायचा आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे आत काय आहे ते पुडी न उघडता तिला कळतं. याला खर्च किती? लेकीच्या दप्तरातलं एक लाल स्केचपेन. मासिक पाळीची लाज वाटून आपण काळ्या पिशवीत काळी पिशवी घालत बसतो आणि ती लाज दुसऱ्या बाईच्या उघड्या हातांवर ढकलतो, हे काही बरं नाही.

कायदाही हेच सांगतो. बंगळुरूच्या अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून 2000 साली देशभरासाठी कचऱ्याचे पहिले नियम आले. म्हणजे तिथेही पदर खोचून पुढे झाली ती एक बाईच! 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग सांगितले. 1 एप्रिल 2026 ही अंमलाची तारीख असलेल्या नव्या नियमांनी त्याचे चार केले: ओला, सुका, पॅड-डायपरसारखा सॅनिटरी आणि बल्ब, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं असा विशेष काळजीचा.

‘चार-चार डबे ठेवायला आमच्या वन रूम किचनमध्ये जागा कुठाय?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण रोजचा डबा एकच लागतो, ओल्याचा. भाजीची देठं आणि चहाचा चोथा चाळणीत निथळून टाकला तर त्याला वास कमी आणि चिलटंही कमी. दुधाच्या पिशव्या विसळून, वाळवून खिळ्याला अडकवल्या की आठवडाभर राहतात. औषधं आणि बॅटऱ्यांना बिस्किटाचा जुना पुडा पुरतो. खरा प्रश्न जागेपेक्षा घरातल्या इतरांच्या सवयीचा आहे. मुलगा चिप्सचं पाकीट ओल्यात टाकतो आणि आई ते निमूट काढून सुक्यात टाकते, तेव्हा घरात नियम पाळला जात नाही, एकटी आई पाळते. हे काढून टाकणं बंद करा. ज्यानं टाकलं त्यालाच बोलवा.

दुसरी तक्रारही नेहमीची. ‘आम्ही वेगळा करून देतो आणि गाडीवाला सगळं एकत्र करतो!’ असं होत असेल तर संताप यायलाच हवा. पण त्यावर आपणही एकत्र द्यायला लागणं म्हणजे शेजारी नळ उघडा ठेवतो म्हणून आपणही ठेवण्यासारखं झालं. गाडी आली की दोघी-चौघींनी खाली उतरून पाहावं, दिवस आणि वेळ टिपून ठेवावी आणि सोसायटीच्या लेटरहेडवर प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. एकटीचं बोलणं कुरकुर ठरतं, लेखी अर्जाला मात्र आवक क्रमांक पडतो.

आता मुद्द्याची गोष्ट. सोसायटीचे नियम ठरवतं कोण? कमिटी. खताचा खड्डा कुठे खणायचा, डबे कधी बाहेर ठेवायचे, दंड किती, हे सगळं तिथे ठरतं आणि सकाळी सातला, डबा-शाळा-पाण्याच्या धांदलीत, पाळायचं मात्र आपण. ज्यांनी कधी कचऱ्याचा डबा घासला नाही त्यांनी डब्याचे नियम का करावेत? सहकार कायद्यानं कमिटीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. पण कित्येक ठिकाणी तिथे नाव वहिनींचं असतं आणि मीटिंगला जातात भाऊ! फ्लॅट नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्या लेखी संमतीनं बायकोला सहयोगी सभासद होता येतं, हे तर अनेकींना माहीतही नसतं. तो अर्ज मागा, भरा. सर्वसाधारण सभेला जाऊन बसा. वेळ कुठली सोयीची, सफाई करणाऱ्या मावशींना हातमोजे कोण देणार, खड्ड्याच्या खर्चाचं काय, हे प्रश्न तिथे विचारा.

घरचा केर काढणं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आता नियम करणाऱ्यांच्या खुर्चीवर बसायला तेवढं शिकू या. पुढची नोटीस लागेल तेव्हा तिच्याखाली आपल्यापैकी कुणाची तरी सही असू दे.