दारापुढील ओल

क्रांती चौकाजवळील एका घरापुढें फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपूं लागलें. कोणी शेजाऱ्यांच्या मोरीस दोष दिला, आजोबांनीं मलिक अंबराच्या नहरीस! (सतराव्या शतकांतील ही भूमिगत नहर या शहरांतील प्रत्येक ओलीचें श्रेय घेऊन जाते.) परंतु धुरावरून अग्नि ठरविण्यापूर्वीं व्याप्ति पाहावी. जायकवाडीचें पाणी कांहीं दिवसांआड येई, आणि ओल नेमकी त्याच दिवशीं वाढे. नहर वार पाहत नाहीं. नळ चालू असतां घरांत येणाऱ्या नळाची चावी बंद केली. तासाभरानेंहि झिरप थांबेना. म्हणजे फूट चावीच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूस. खणतां गंजलेला जोड सांपडला. पाणी बंद होतांच अशा फटींतून भोंवतालची घाण नळींत ओढली जाते. दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळूनच प्यावें. शेजारणींचा अबोला मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवासच सुटला.