डिझेल जाते कोठे?

ट्रॅक्टर बांधाला भकभकत उभा आणि चालक झाडाखाली गप्पांत, हे आपल्या शिवारात नेहमीचेच. पण उभ्या इंजिनालाही तासाला सुमारे 1 लिटर डिझेल लागते. इंजिन बंद करायला सांगा. 'पुन्हा स्टार्ट होत नाही' हे उत्तर आले, तर आधी बॅटरी दुरुस्त करा. ती डिझेलपेक्षा स्वस्त पडेल.

नांगरट रानाच्या लांबीने करा, वळणे कमी होतात. हलक्या कामाला वरचा गियर टाकून ॲक्सिलरेटर कमी ठेवा. काळा धूर निघू लागला, की गियर उतरवा. तो धूर म्हणजे अर्धवट जळालेले तुमचे डिझेलच. तरीही धूर थांबला नाही, तर एअर क्लीनर उघडून पाहा. मळणीच्या दिवसांत त्यात हमखास भुसा सापडतो.